घरं

सकाळी साडेनऊला मायक्रोटोमला नवं पातं लावते.
मेणाच्या ठोकळ्यात उंदराचं काळीज,
भिजल्या हरभऱ्याएवढं.
चाक फिरवलं की फीत निघते, चार मायक्रॉनची,
श्वास जोरात सोडला तरी उडणारी,
म्हणून या खोलीत पंखा बंद,
बडोद्याच्या मे महिन्यातही.

कोमट पाण्यावर ती आपसूक चुण्या सोडते.
दुधावरची साय न मोडता उचलावी
तशी काचेवर घ्यायची.
मग रंग. केंद्रकांना जांभळा,
बाकी सगळ्या संसाराला गुलाबी.

कृपाली भिंगातून मान न काढता विचारते,
'बेन, आ खाली जग्या शेनी छे?'
चरबीची, मी म्हणते. होती तिथे.
आपण अल्कोहोलात बुडवलं, झायलीनमध्ये बुडवलं,
ती विरघळून गेली,
राहिली तिची जागा.

काळजाला घरं पडली,
आमच्या दांडिया बाजारात म्हणत असत
कुणाच्या तरी मुलीच्या सासरवरून, आवाज खाली आणून.
मला ते नुसतं बोलणं वाटायचं.
आता चाळीसच्या भिंगाखाली मोजते:
एका क्षेत्रात सत्तावीस.
गोल, स्वच्छ, रिकामी,
आणि केंद्रक कडेला ढकललेलं,
भाडेकरूनं मालकाला ओसरीवर काढावं तसं.

अल्कोहोल इथे परमिटवर येतं.
आलं किती, वापरलं किती, उडालं किती,
तिन्ही रकान्यांत माझी सही.
श्रीरंगला परमिट कधी लागलं नाही.
दमणची गाडी कुठल्या वारी, कुठल्या नाक्यावर,
हे माझ्या धाकट्या भावाला तोंडपाठ होतं.
त्याच्या कुठल्याच रकान्यात
कुणाचीच सही नव्हती.

पहिल्या गटाला नुसतं तेल.
दुसऱ्याला कार्बन टेट्राक्लोराइड.
तिसऱ्याला तेच, आणि मग एकवीस दिवस
दाणापाणी सोडून काही नाही.
चौथ्याला पुनर्नवेचा काढा.
चौथा बरा होतो, नाव राखतो.
पण नुसता सोडून दिलेला तिसराही
बराच सावरतो,
हे प्रबंधाच्या सोयीचं नाही.
कृपाली दोन दिवस गप्प आहे.

मी मात्र तिसऱ्याच गटाची पेटी
पुन्हा पुन्हा उघडते.
मधल्या शिरेभोवती जिथे नुसता राडा होता
तिथे पेशी पुन्हा ओळी धरून उभ्या,
काही दोन-दोन केंद्रकांच्या,
एक तर ऐन दुभंगतानाच पकडली गेलेली.
बाहेरून कुणी आलेलं नाही.
ज्या उरल्या होत्या
त्याच वाढल्या, त्यांनीच जागा भरली.
जाळी तेवढी शाबूत हवी,
मोडलेल्याला उभं राहायला
जुनी खूण लागते.

आणि हे मला कळलं कसं?
एकविसाव्या दिवशी, तो अंगानं भरलेला,
मिशा साफ करत पिंजऱ्याच्या दारापाशी आलेला असताना
मफतभाईंनी त्याला उचललं.
वहीत त्याला 'बळी' लिहितात.
बरं झालेलं बघायचं
तर आधी मारावं लागतं,
एवढं साधं आहे हे,
आणि एकतीस वर्षं मी ते
साध्या निळ्या शाईनं लिहिते आहे.

श्रीरंगला सोडून चौदा महिने झाले.
म्हणजे, तो सांगतो चौदा.
डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट ठीक, आता सुई नको.
त्याच्या आत किती घरं बुजली,
किती ठिकाणी जखमेचा दोरा तसाच राहिला,
माझ्याकडे काच आहे, रंग आहे, भिंग आहे,
आणि काही उपयोग नाही.

रविवारी तो येतो.
खिडकीपाशी बसून सेव-उसळ खातो, बिनतरीची.
मी उजेड त्याच्या तोंडावर पडेल
अशी खुर्ची आधीच सरकवलेली असते.
तो वर बघतो तेव्हा
बुबुळाभोवतीचा पांढरा, पांढराच आहे ना,
मी बघून घेते.

'अशी काय बघतेस?'
काही नाही रे.
शर्टावर रस्सा सांडलाय तुझ्या.